बारावा पंप

सोनाळ्याच्या बसथांब्यासमोर माझं दुरुस्तीचं दुकान आहे. एकवीस वर्षं मी इथं अ‍ॅम्प्लिफायर बांधतोय, आणि त्यातली सतरा-अठरा वर्षं माझी कंबर ट्रान्सफॉर्मर उचलण्यात गेली. गिऱ्हाईक आधी पेटी हातात घेऊन वजन बघायचं. पेटी जड लागली की म्हणायचं, माल चांगला दिसतोय. आवाज नंतर ऐकायचं.

मग क्लास डी नावाचे नव्या धर्तीचे अ‍ॅम्प्लिफायर बोर्ड आले. दोन काडेपेट्या शेजारी ठेवल्या तर जेवढी जागा लागेल तेवढा बोर्ड. त्यावर एक चिप, चार कॉईल आणि एक निळा दिवा. एवढ्याशा कारभारातून शंभर वॅट आवाज निघतो. जुन्या पेटीवर थंडीत मांजर येऊन झोपायचं, हा बोर्ड तासभर वाजवला तरी हाताला गारच. मला पहिल्यांदा ती फसवणूक वाटली होती. आता हौशी मंडळी पार्सलनं बोर्ड मागवून घरच्या घरी पेट्या बांधतात आणि आवाज घोगरा आला की माझ्याकडं धावतात. सोल्डरिंगची बंदूक हातात धरता आली म्हणजे माणूस मिस्त्री झाला, असा त्यांचा समज आहे.

या बोर्डाची एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडली. भार जास्त झाला की तो आपणहून बंद पडतो. निळा दिवा विझतो, आवाज थांबतो. कितीही दामटा, चालत नाही.

गेल्या वर्षी आश्विनात, सकाळी दहाच्या सुमाराला बेबीताई दुकानात आल्या. डोक्यावर जुना अ‍ॅम्प्लिफायर होता. तो मीच बारा वर्षांपूर्वी पुंजाजीसाठी बांधला होता. पुंजाजी म्हणजे त्यांचे यजमान. गावात कुणाच्याही शेतात फवारणीला जायचा आणि संध्याकाळी विहारात भीमगीतं म्हणायचा. गळा असा की माइक नसला तरी चालावं. त्याला जाऊन वर्ष होत आलं होतं.

"जय भीम, खुर्शीदभाऊ. हे चालू करून द्या," बेबीताई म्हणाल्या. "पुढच्या आयतवारी विहारात कार्यक्रम हाय. त्याइचे गाणे मोबाइलात भरलेले हायेत, ते लावायचे हायेत."

"जय भीम, ताई. होऊन जाईल."

त्या जायला निघाल्या आणि दारातच थांबल्या.

"भाऊ, तुमी त्या दिवशी बारा पंप झाल्यावर बस म्हनलं होतं नं? मंग त्याइनं ऐकलं काऊन नाई?"

वर्षभरात त्यांनी हे मला किती वेळा विचारलं असेल! मी मान हलवली आणि पेटीचे स्क्रू काढायला घेतले.

"मी फोटो भिताडाकडं तोंड करून ठेवला हाय," त्या म्हणाल्या. "लेकरं नाराज होतात. पन मले तोंड पाहावत नाई त्याइचं. येवढा जिद्दी मानूस!"

पुंजाजी गेला तो माझ्या शेतात फवारणी केल्यामुळे. माझी तीन एकर जमीन सातपुड्याच्या बाजूला आहे. त्या वर्षी बीटी कपाशी डोक्याच्या वर गेली होती आणि अळीला दाद न देणारं म्हणून घेतलेल्या बियाण्याच्या बोंडाबोंडात गुलाबी अळी निघत होती. मी दोन औषधं एकत्र केली, अंदाजानं. उंच झाडीत फवारा वर मारावा लागतो, तो परत तोंडावर येतो. पुंजाजीनं तोंडाला गमछा बांधला होता, बाकी काही नाही. पाठीवरचा पंप रिकामा झाला की तो बांधावर येऊन मोठ्यानं आकडा सांगायचा, म्हणजे मालकाला लांबूनही कळावं आणि पुढं मजुरीचा वाद नको. खाकरायचा आणि म्हणायचा, "एक." मग पुढचा पंप भरायचा.

दवाखान्यात मी सांगितलं की बारा पंपांवर मी त्याला थांबवलं होतं, त्यानंच ऐकलं नाही. चौकशीला आलेल्या साहेबांना तेच सांगितलं. बेबीताईंनाही तेच. बोलता बोलता ते मला पाठ झालं.

पेटी उघडली. ट्रान्सफॉर्मर जळून काळा पडला होता. फ्यूज बघितला तर त्याच्या जागी तांब्याची जाड तार. कुणाचा हा गाढवपणा म्हणून चरफडलो आणि मग आठवलं, ती तार माझीच. एका लग्नसराईत फ्यूज सारखा उडत होता म्हणून मीच टाकली होती. तेव्हा पुंजाजी हसून म्हणाला होता, आता हा थांबायचा नाही.

ट्रान्सफॉर्मर काढून कोपऱ्यात टाकला आणि त्या जागी क्लास डीचा नवा बोर्ड बसवला. वायर जोडली, दुकानातला भोंगा लावला, बटण दाबलं. निळा दिवा लागला. जुन्या पेटीत कायम एक घूं असायची, इथं काहीच नाही. अशी शांतता की भोंगा जोडलाय का नाही असा संशय यावा.

थोड्या वेळानं कुणीतरी खाकरलं.

"एक."

माझं पहिलं मत असं की वायर अँटेनाचं काम करतेय आणि कुठलंतरी रेडिओ केंद्र पकडतेय. असं होतं. म्हणून मी आवाज आत येण्याच्या दोन्ही टोकांना एकत्र डाग दिला. आता बाहेरून काहीही आत शिरायची सोय राहिली नाही. दुसऱ्या कामाला लागलो, एका मिक्सरचे ब्रश बदलत होतो.

भोंग्यातून पानं कपड्याला घासल्यासारखा आवाज यायला लागला. मधूनमधून पंपाच्या दांड्याची खटखट. थांबली. खाकरणं.

"दोन."

मी भिंतीवरचं घड्याळ बघितलं. चौदा मिनिटं झाली होती. उंच कपाशीत एक पंप मारायला तेवढीच लागतात.

मी बोर्ड बदलला. दुसऱ्या कंपनीचा, दुसऱ्या चिपचा लावला. आकडे पुन्हा एकपासून सुरू झाले. वीजपुरवठ्याचा डबा बदलला, मग चक्क मोटरसायकलच्या बॅटरीवर लावून बघितलं. प्रत्येक वेळी चौदा मिनिटं. मी कागदावर वेळा लिहून ठेवत होतो. मिस्त्रीची खोड, दुसरं काय.

दुपारी माझी बायको नाजिश डबा घेऊन आली. तिनं डबा टेबलावर ठेवला आणि ती तशीच उभी राहिली.

"नऊ," भोंगा म्हणाला.

"ये पुंजाजीभाई की आवाज है ना?"

"रेकॉर्डिंग आहे," मी म्हणालो.

ती बाकावर बसून राहिली. दहा झाले, अकरा झाले. आम्ही दोघंही जेवलो नाही. बारा झाले आणि निळा दिवा विझला. मी बोर्डाला हात लावला. गार होता. भार नाही, ताप नाही, बंद पडायचं काही कारण नाही.

"बारा पे कायकू रुका?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, बोर्डात दोष असेल. नाजिश उठली. मग रिकाम्या हातानं घरी गेली, डबा न्यायचं विसरली.

रविवारी नऊ वाजता विहारात पेटी लावली. घरातून निघताना मला खरंच वाटत होतं की बेबीताईंना सांगावं, पेटी काही दुरुस्त होत नाही. तोंडातून निघालं नाही. विहारात पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका बसल्या होत्या, बाहेर चुलीवर वांग्याची भाजी शिजत होती. बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या. पुंजाजीचा फोटो तेवढा नव्हता. बेबीताईंनी आणलाच नव्हता.

त्रिशरण, पंचशील झालं. मग मोबाइल जोडून गाणी लावली. आवाज इतका साफ आला की पुंजाजीनं मध्ये घेतलेला श्वासही ऐकू यावा. लोकांचे डोळे भरून आले. माझा जीव भांड्यात पडला.

सव्वानऊला, ऐन कडव्याच्या मधोमध, तो खाकरला.

"एक."

लोकांना वाटलं, गाण्यातच आहे. एक म्हातारी हसलीसुद्धा. गाता गाता पुंजाजी काहीबाही बोलायचाच. पुढची गाणी झाली, दोघातिघांची भाषणं झाली, आणि चौदा चौदा मिनिटांनी आकडे येत राहिले. भाषण करणारे दचकून भोंग्याकडं बघायचे आणि मग माझ्याकडं. मी वायरी चाचपल्यासारखं करायचो.

बेबीताई मात्र हसल्या नव्हत्या. त्या हाताच्या बोटांवर आकडे धरत होत्या.

बारा वाजायला दहा-बारा मिनिटं कमी असतील, पुन्हा गाणं लागलं होतं.

"बारा."

निळा दिवा विझला. गाणं तुटलं.

बाहेर भाजीचा खदखद आवाज येत होता. आणि भोंग्याच्या तोंडातून वास आला. औषधाचा. तो वास मी कुठंही ओळखेन.

बेबीताई उठून माझ्यापाशी आल्या.

"भाऊ, थे बारावर थांबले."

"बोर्ड बंद पडला, ताई."

"थे थांबले," त्या पुन्हा म्हणाल्या. "मंग पुढचे कोनं मारायला लावले?"

मला लाज वाटली. वर्षभर जी भीती वाटत होती ती नाही, नुसती लाज.

"बारा झाल्यावर तो बांधावर आला होता," मी म्हणालो. "बस भाऊ, म्हणाला, डोळे जळून राह्यले, पोटात मळमळून राह्यलं. पंप खाली ठेवला होता त्यानं. मीच पुन्हा पाठीवर दिला."

"काय म्हनून देल्ला?"

"दोनच तं राह्यले, पुंजाजी. उरकून टाक."

त्यांनी हे ऐकून घेतलं. रडल्या नाहीत. चप्पल न घालताच विहाराबाहेर पडल्या. कुणी मागं गेलं नाही. मी तिथंच उभा होतो, आणि कुणी मला बस म्हणालं नाही.

दहा मिनिटांनी त्या आल्या तेव्हा त्यांच्या हातात फोटो होता. पदरानं काच पुसली. वर्षभराची धूळ होती, दोनदा पुसावी लागली. फोटो टेबलावर ठेवला, लोकांकडं तोंड करून. मेणबत्ती लावली आणि कितीतरी वेळ त्या त्याच्या तोंडाकडं बघत राहिल्या.

"लावा आता," माझ्याकडं न बघता म्हणाल्या.

मी बटण दाबलं. दिवा लागला. गाणं जिथं तुटलं होतं तिथून सुरू झालं आणि शेवटपर्यंत वाजलं.

"मशीन इथंच राहू द्या," त्या म्हणाल्या. "तुमी जा."

त्या पेटीनं पुन्हा कधी आकडा म्हटला नाही. विहारात ती अजून वाजते, संध्याकाळी दुकानापर्यंत ऐकू येते. मी साहेबांच्या कार्यालयात जाऊन बयान बदलून आलो. त्याचं पुढं जे व्हायचं ते होईल.

पंधरा दिवसांनी शाळेतल्या एका मास्तरांनी घरच्या पेटीसाठी नवा बोर्ड आणून दिला. मी आधीच आवाज आत येण्याची टोकं डाग देऊन बंद केली, भोंगा जोडला, बटण दाबलं. शांतता. मग पानं कपड्याला घासल्याचा आवाज.

पुंजाजी खाकरेल म्हणून मी वाट बघत होतो. तो खाकरला नाही.

आपला आवाज भोंग्यातून आला तर माणसाला ओळखू येत नाही, म्हणतात. मी एकवीस वर्षं माइक तपासतोय. मला ओळखू येतो.

"दोनच तं राह्यले, पुंजाजी. उरकून टाक."

चौदा मिनिटांनी पुन्हा.

तेव्हापासून कुठलाही नवा बोर्ड लावला की हेच येतं. बारा वेळा येतं, तेरा वेळा येतं, चौदा वेळा येतं. मी बोर्डावर हात ठेवून बसतो. बोर्ड गार असतो. निळा दिवा जळत असतो. संध्याकाळी मी स्वतः वायर काढेपर्यंत तो काही आपणहून बंद पडत नाही.