सूज नाही

चांगल्या डॉक्टरात काय हवं, म्हणता? हुशारी? पोरांनो, हुशारी एव्हरेट हॉगनकडे पोत्यानं होती. नॉर्थ डकोटातल्या वीस खाटांच्या इस्पितळात मी त्याच्यासोबत सात वर्षं काढली, म्हणून सांगतो. बाहेर वारा सुटलाय, तुमची रात्रपाळी आहे. ऐका.

चौदा जानेवारी, मंगळवार. संध्याकाळच्या फेरीला एव्हरेट निघाला, तो नेहमीसारखा घोड्यावरच. सहा नंबरात अल्मा ट्वेट होती. निवृत्त शिक्षिका, खुब्याचं हाड मोडून आलेली.

"बाळा, दोन मिनिटं टेक ना. हा डावा पाय जरा..."

"आलोच हं, आजी." बोलताना त्याचा हात दाराच्या मुठीवरच.

"खुर्चीला काटे आहेत का हो, डॉक्टरसाहेब?" नर्स व्हर्नानं टोमणा मारला.

तो हसला. संगणकासमोर बसला, कालची नोंद उचलली आणि आजच्या तारखेखाली चिकटवली: पाय तपासले. सूज नाही. रुग्णाशी बसून बोललो. झालं काम.

पहाटे अल्मा गेली. पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊन अडकली होती.

दोन दिवसांनी तिचा मुलगा गॉर्डन घरच्या लेफ्सांचा, म्हणजे बटाट्याच्या पोळ्यांचा, डबा घेऊन आला.

"कागद वाचले, डॉक्टर. शेवटच्या संध्याकाळी तुम्ही आईपाशी बसलात, तिचे पाय बघितलेत. आमच्या जिवाला फार बरं वाटलं हो."

खरं सांगायची हीच वेळ होती. एव्हरेटनं डबा घेतला आणि म्हणाला, "माझं कामच आहे ते."

पाय न तपासल्याची लाज होतीच. पण या एका वाक्याची लाज त्याला जाळत राहिली. आरशात बघवेना. आणि त्याच्याखेरीज हे कुणाला ठाऊकही नव्हतं.

मग एकवीस तारीख. रात्रीचे तीन वाजून दहा मिनिटं. सहा नंबरची घंटा वाजली.

"सहा तर रिकामी आहे," व्हर्ना म्हणाली.

तोच उठला. दार ढकललं. आत अंधार. खाटेजवळ खुर्ची ओढून ठेवलेली...

"टेक ना."

तो बसला. पळायचं होतं. जमेना.

हात पुढे केला. पांघरूण. त्याखाली पाय. डावा. गरम... टणक... फुगलेला. त्यानं अंगठा दाबला. खळगा पडला.

भरेना.

"आजी... मी बघितलाच नव्हता. खोटं लिहिलं मी."

अंधारात नुसता श्वास. मग तोही नाही...

व्हर्नानं दिवा लावला. खाट रिकामी. चादरीला सुरकुती नव्हती.

उजाडताच तो गाडी काढून गॉर्डनच्या शेतावर गेला. दारात, बर्फात उभं राहून सगळं सांगितलं. गॉर्डननं शेवटपर्यंत ऐकलं आणि दार लावून घेतलं.

घरी येऊन एव्हरेटनं मोजे काढले. त्याच्या स्वतःच्या डाव्या नडगीवर एक खळगा होता. दुखत नव्हता, खुपत नव्हता. आज अकरा वर्षं झाली, भरलेला नाही. मी पाहिलाय. त्यात माझा अंगठा बसत नाही. एव्हरेटचाही बसत नाही. एखाद्या म्हातारीच्या बारीक अंगठ्याचा आहे तो.