कोऱ्या सीडीतली टकटक

ज्याला ही गोष्ट खोटी वाटेल त्याने धुळ्याला यावं, मोहिनीवहिनीच्या समोर बसावं आणि मग बोलावं.

गेल्या श्रावणात घडलेलं आहे. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती. भर दुपार होती...

कुंदन माझा मावसभाऊ, मोहिनीवहिनी त्याची बायको. घराच्या पुढच्या खोलीत त्याचा अहिराणी गाण्यांचा छोटा स्टुडिओ. भुताच्या गोष्टी सांगणाऱ्यांची टर उडवण्यात याचा पहिला नंबर.

साक्रीकडच्या एका खेड्यातले वना आबा त्याच्याकडे आले. कानबाईचा सण जवळ आला होता, आणि त्यांच्या देवळातल्या जुन्या यंत्राला सीडीच लागते. कानबाईच्या गाण्यांच्या सीडी करून दे म्हणाले. आता कोरी सीडी विकतो कोण? कुंदनने सगळं धुळे पालथं घातलं. शेवटी दोंडाईच्याला, स्टेशनाजवळच्या एका बंद पडत आलेल्या दुकानात एक गठ्ठा मिळाला. वेष्टन फाटलेलं होतं.

“वापरेल शेतस का?” कुंदनने विचारलं.

“नहीत भाऊ, कोऱ्याच शेतस.” मालकाने गठ्ठ्याकडे न बघताच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी जेवण उरकून कुंदन कामाला बसला.

त्याच्या स्टुडिओत गायकासाठी एक वेगळी खोली आहे. खोली कसली, मोठं कपाटच ते. भिंतींना जाड फोम, खिडकी नाही, दाराला कडी बाहेरून. गाणं संपलं की गायक आतून दार ठोकणार, ते आतल्या माइकमधून कुंदनच्या हेडफोनमध्ये ऐकू येणार, तो बटण दाबून गायकाच्या हेडफोनमध्ये “थांब, उघाडस” म्हणणार आणि मग उठणार. जिभेला सवयच लागलेली.

त्याने हेडफोन लावला. कोरी सीडी घातली. ती फिरू लागली.

टक... टक...

कुंदनचं लक्ष कॉम्प्युटरकडे होतं.

“दार उघाड ना भाऊ...”

त्याने बटण दाबलं. “थांब, उघाडस.”

बोलून गेला... आणि त्याचा हात बटणावरच राहिला.

आत कोणी नव्हतं. त्या दिवशी एकही गायक आलेला नव्हता.

त्याने सीडी काढली. सगळं शांत. दुसरी घातली.

टक... टक...

कॉम्प्युटर मात्र सांगत होता, सीडी कोरी आहे.

वायरीचा घोळ असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली. उठून खोलीची कडी काढली. आत कोणी नाही. माइक तपासायला तो दोन पावलं आत गेला...

मागे दार लागलं. जोरात नाही. घरात कोणी झोपलेलं असलं की आपण लावतो, तसं हळूच.

मग कडी लागली.

मग दिवा गेला. त्याचं बटणही बाहेरच.

कुंदनने दार ठोकलं, लाथा घातल्या, घसा फोडून ओरडला. फोमने सगळं गिळलं. फोन टेबलावर राहिलेला. सदरा घामाने भिजला, श्वास पुरेना. आपण इथेच संपणार, असं त्याला खरंच वाटलं.

अंधारात चाचपडत त्याने आतला हेडफोन कानाला लावला आणि माइकमध्ये ओरडला, “मोहिनी, दार उघाड...”

हेडफोनमध्ये बाहेरचं बटण दाबल्याचा आवाज आला.

“थांब, उघाडस.”

आवाज कुंदनचाच होता.

दार उघडलं नाही. तो पुन्हा ओरडला. पुन्हा तेच उत्तर, तितक्याच शांतपणे. शेवटी त्याने ओरडणं सोडलं. तेव्हा हेडफोनमधून कोणाचा तरी श्वास ऐकू येत राहिला...

दिवेलागणीला खोली झाडायला आलेल्या वहिनीने कडी काढली. कुंदन उंबऱ्यावरच कोसळला. तिने त्याला उचललं नाही. आधी मागे वळून टेबलाजवळच्या खुर्चीकडे बघितलं.

खुर्ची रिकामी होती.

“तुम्ही आठे कसा?” ती म्हणाली. “मी मघाशी चहा लई उनू, तव्हय तुम्ही खुर्चीवर बशेल व्हतात.”

तो पाठमोरा बसला होता. चहा प्यायला होता. त्याच्या कानावरचा हेडफोन बाजूला सारून तिने एक गोष्टही सांगितली होती. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर दवाखान्यातून पहिल्यांदाच गोड बातमी आली होती.

तो वळला नव्हता. बाळासाठी त्याने फक्त एक नाव सांगितलं होतं.

कुंदन लहान मुलासारखा रडला. बाप होणार ही बातमी त्याच्या आधी दुसऱ्याच कोणी ऐकली होती.

वना आबांना त्याने नाही म्हणून कळवलं. गठ्ठा सारंगखेड्याच्या पुलावरून तापीत सोडला. त्या खोलीचं दार उखडून टाकलं.

वहिनीला आता सातवा महिना. परवा डोहाळजेवणाला आम्ही सगळे गेलो होतो. बायका हसत हसत नावं सुचवत होत्या. त्या दुपारी ऐकलेलं नाव वहिनीने आजवर कुंदनलाही सांगितलेलं नाही.

मला राहवलं नाही. तिला बाजूला गाठून विचारलं.

तिने पोटावर हात ठेवला.

“नाव लिधं तर तो ओ देई, भाऊ,” ती हळूच म्हणाली. “कोठून देई, ते माले ऐकानं नही.”

मी न जेवताच परत आलो.