उलट्या बाजूचा टाका

"कुत्रं की मांजर?" कोटाच्या बाहीचं भोक बघत मी विचारलं.

"बोकड," तो ओशाळून म्हणाला. "त्याला इंजेक्शन नको होतं. खरं सांगायचं तर मलाही द्यायचं नव्हतं."

मला खुदकन हसू आलं. कितीतरी महिन्यांनी... आणि लगेच मी मान खाली घातली. हसरा चेहरा माणसं लक्षात ठेवतात.

लॉंड्रीच्या मागच्या खोलीत, इस्त्रीच्या वाफेत बसून मी रफू करायची. लॉंड्री मावशींची. सख्ख्या नव्हेत, पण सख्ख्यांनी केलं नाही ते त्यांनी केलं. मला ठेवून घेतलं आणि एक अक्षर विचारलं नाही. माझ्याकडे बटणांचा साधा फोन, त्याचं सिमही मावशींच्या नावावर. कुठं खातं नाही, कुठं फोटो नाही. मला शोधणारा माणूस दिवसदिवस फोनमध्ये डोकं घालून बसायचा, हे मला पक्कं ठाऊक होतं. गिऱ्हाइकं मला 'रफूवाल्या ताई' म्हणायची.

तो मात्र चुकूनसुद्धा ताई म्हणाला नाही.

तो प्राण्यांचा डॉक्टर, पलीकडच्या गल्लीत दवाखाना. कोटानंतर स्वेटर आला, मग पॅंट, मग पुन्हा कोट.

"डॉक्टर, हे कोणी फाडलं?"

"कुत्र्यानं. भयंकर कुत्रं होतं."

"त्याच्या तोंडात कात्री होती का?"

तो कानापर्यंत लाल झाला. "तुम्ही... फार बारकाईनं बघता हो."

"धंदाच तो माझा."

"मग माझ्याकडेही बघा की कधीतरी."

बाई गं! मी सुईत धागा ओवायला घेतला, तर मेला ओवलाच जाईना.

एकदा तो खिशातून मांजराचं पिल्लू घेऊन आला, आईनं टाकलेलं. "तुमच्या वाफेजवळ जरा ऊब मिळेल त्याला," म्हणाला. दुपारभर तो इस्त्रीच्या टेबलाखाली मांडी घालून बसला, बोटानं त्याला दूध चाटवत. तिथंच मी पडले प्रेमात. झालं, सांगून टाकलं.

आणि मग एका सकाळी तो उड्या मारतच आला.

"बघा तर! लोक वेडे झालेत तुमच्या कामानं!"

त्यानं नेटवर कोटाच्या बाहीचा फोटो टाकला होता, 'भोक शोधून दाखवा' म्हणून. कोणालाच सापडेना, तेव्हा बाही उलटी करून दुसरा फोटो टाकला.

"काळजी घेतली हं मी. तुमचा चेहरा नाही, नाव नाही, दुकानाची पाटीसुद्धा नाही."

मी फोन त्याच्या हातातून घेऊन तो दुसरा फोटो पाहिला. रफू सुलट बाजूनं दिसत नाही, पण उलट्या बाजूला करणारीचा हात दिसतो. माझे टाके डावीकडे झुकतात, कारण माझं मधलं बोट वाकत नाही. नवऱ्यानं ते दाराच्या फटीत धरून दार लावलं होतं. त्याचंही रफूचंच दुकान. ते बोट मोडल्यानंतरचा माझा प्रत्येक टाका त्यानं तपासला होता. तो ओळखणार नाही, तर कोण ओळखणार?

"कोणी काही विचारलं का?" मी फोटोवरची नजर न काढता विचारलं.

"एका भल्या माणसानं. आईची जुनी शाल आहे म्हणाला, असाच हात शोधत होता बिचारा. मी दुकानाचा पत्ता दिला... म्हटलं, गिऱ्हाईक मिळेल तुम्हाला."

मग मी त्याला सगळं सांगितलं, उभ्या उभ्या. ऐकताना त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"पुसतो... आत्ता पुसतो—"

"फोटो पुसाल हो. त्यानं वाचलेला पत्ता कसा पुसणार?"

"मग पोलिसांत जाऊ!"

"गेले होते. त्यांनीच समजूत घालून परत नवऱ्याच्या घरी सोडलं मला."

मावशींनी शटर अर्धं खाली ओढलं आणि माझी पिशवी भरायला घेतली. आत लपून त्या डोळ्यांना पदर लावत होत्या, ते मला दिसत होतं.

डॉक्टर मला सोडायला स्टॅंडवर आला. पिशवी त्यानंच उचलली होती.

"मी येतो बरोबर."

"तुमचं नाव, फोन, दवाखाना, सगळं जगाला माहीत आहे. तुमच्यामागून तो माझ्यापर्यंत येईल."

तो रडायला लागला, भर स्टॅंडवर, लोक बघत असताना. "माझं प्रेम आहे तुझ्यावर... आणि मीच तुला..." पहिल्यांदाच 'तू' म्हणाला.

"माझंही आहे," मी म्हटलं. "खूप आहे. ऐका, मी जातेय ते गाव—"

"नको!" त्यानं माझ्या तोंडावर हात ठेवला. हाताला औषधाचा वास होता. "सांगू नकोस. तो माझ्याकडे येणारच. मला खोटं बोलता येत नाही गं. मला माहीतच नसेल तर..."

बस लागली. कंडक्टर दारात उभा राहून गावांची नावं ओरडू लागला. डॉक्टरनं पिशवी माझ्या हातात दिली, बसकडे पाठ केली आणि तोंड भिंतीकडे करून दोन्ही कान घट्ट दाबून धरले.

मी खिडकीत बसले. बस सुटली तरी त्यानं वळून पाहिलं नाही.