ट्रायलचा व्हिडिओ

"एक मिनिट हे धरता जरा?"

तहसीनने मान वर न करताच हातातला प्रचाराचा बोर्ड समोरच्याच्या हाती दिला. समोर कोण आहे हे बघायला तिला सवड कुठे होती! शारजाच्या बागेत बंदरवाडीकरांची पिकनिक ऐन रंगात आली होती, बिर्याणीची पातेली उघडायच्या बेतात होती, आणि त्याआधी तिला अम्मीच्या प्रचाराचा व्हिडिओ उरकायचा होता. तिची अम्मी शहरबानू गावाकडे, बंदरवाडीत, नगरपंचायतीच्या निवडणुकीला उभी होती. प्रचाराचं पेज मात्र लेक चालवायची, इथून, अजमानच्या फ्लॅटमधून. आखातातल्या मुलाने स्टेटस ठेवलं की गावातलं अख्खं घर त्या बाजूला झुकतं, हे बंदरवाडीत कुणाला सांगावं लागत नाही.

"असा? की असा?" बोर्ड धरणाऱ्याने विचारलं आणि हसला.

तेव्हा तिने मान वर केली. आणि... झालं!

"थोडा वर... हां. आता हलू नका."

"हललो तर?"

"तर पुन्हा घ्यावा लागेल."

"मग हलतोच!"

त्याचं नाव अर्श. नुकताच फुजैराच्या बंदरावर नोकरीला लागलेला, या पिकनिकला पहिल्यांदाच आलेला. तो बोर्ड धरून हसतोय असा ट्रायलचा तो व्हिडिओ खरं तर पुसायचा होता. पण संध्याकाळी तहसीनने तो दहादा पाहिला, आणि पुसायच्या ऐवजी पेजवर टाकून दिला. वेड दुसरं काय!

मग दोघांच्या गप्पा सुरू झाल्या. तिला दिवसभर फोन हातातून सोडवेना. आणि एका संध्याकाळी त्याचा मेसेज आला — 'भेटायचंय. आत्ता.' पुढे ना हसरा चेहरा, ना काही.

तो फुजैराहून डोंगर ओलांडून अजमानच्या किनाऱ्यावर आला होता. वारा सुटला होता. तिने ओढणी सावरली, पण तो तिच्याकडे बघतही नव्हता.

"मी कमरुद्दीनचा पुतण्या आहे. माहीत होतं तुला?"

कमरुद्दीन! अम्मीच्या विरोधात उभे असलेले तेच!

"नाही... शप्पथ नाही! मी इथेच वाढले, अर्श. गावात मला कोण कुणाचं ते कळतच नाही. पण तू... तू बोर्ड धरलास कसा?"

"बोर्डाची पाठ माझ्याकडे होती. मी बघत होतो तुझ्याकडे." त्याचा आवाज चिरकला. "गावात आता एकच फॉरवर्ड फिरतोय, सख्खा पुतण्याच फुटला म्हणून. अब्बा गेल्यावर चाचांनी मला वाढवलं, तहसीन. आज त्यांनी माझ्या अम्मीला घराबाहेर जायला सांगितलं. ती पायरीवर बसून रडतेय."

"मी आत्ता डिलीट करते—"

"खलास! घरोघरी पोचलाय तो. चाचा म्हणतात, त्या पोरीने तुला गळाला लावलं." तो थांबला. "मुद्दाम केलंस?"

खरं कारण सांगायचं तर लाजेने मेल्यासारखं होणार होतं. आणि गावाला खुलासा करायचा तर अम्मीची वळलेली मतं जाणार होती. प्रचार उद्या संपत होता.

तिने अम्मीला फोन लावला. अम्मीने सगळं ऐकून घेतलं.

"त्या व्हिडिओने अख्खा मोहल्ला आपल्याकडे आलाय, बेटा."

"माहितीये, अम्मी."

"आणि तिकडे त्याची अम्मी, जैनब, पायरीवर बसलीय."

"हो..."

"मग मला काय विचारतेस? बोल जाऊन. पण बोलशील तर पुरतं खरं बोल."

तहसीनने अर्शच्या हातात स्वतःचा फोन दिला. "यल्ला, चल, रेकॉर्ड कर."

"अस्सलामु अलैकुम. मी शहरबानूंची मुलगी, तहसीन. अर्शने माझ्या अम्मीला पाठिंबा दिलेला नाही. बोर्डावर काय आहे हे त्याने पाहिलंच नव्हतं. तो ट्रायल होता, मी पुसायला हवा होता. नाही पुसला, कारण..." तिने अर्शकडे पाहिलं. "कारण त्यात तो हसतोय. आणि मला ते पुन्हा पुन्हा बघावंसं वाटत होतं. चूक माझी आहे. जैनबचाचींना शिक्षा देऊ नका."

फोन ओढून घेऊन, धीर सुटायच्या आत तिने तो व्हिडिओ पेजवर टाकला.

अर्श थक्क होऊन बघत राहिला. "अख्ख्या गावाला सांगितलंस... आणि मला नाही?"

"तू समोरच उभा होतास ना!"

थोड्या वेळाने त्याचा फोन वाजला. चाचांनी त्याच्या अम्मीला आत घेतलं होतं. अर्श वाळूतच मटकन खाली बसला, आणि किती तरी वेळाने त्याने तिचा हात धरला.

निकालाच्या दिवशी दोघं त्याच किनाऱ्यावर जीव मुठीत धरून बसले होते. शहरबानू हरली. थोडक्या मतांनी, पण हरली.

"अम्मी, माझ्यामुळे..." तहसीन फोनवर ढसाढसा रडली.

"तुझ्यामुळेच," अम्मी म्हणाली. तिचाही आवाज ओला होता. "आता डोळे पूस. कमरुद्दीनभाई गळ्यातला विजयाचा हार काढून थेट आपल्या घरी आलेत, जैनबला घेऊन. अर्शसाठी तुझा हात मागतायत. काय सांगू?"

शेजारी अर्शने श्वास रोखून धरला होता. तहसीनने हुंदका गिळला.

"हो सांग, अम्मी. चहा नंतर कर... आधी हो सांग!"