एक जास्तीचं उत्तर

ओट्यावर पालथ्या घातलेल्या भांड्यांतून एक झाकण घसरलं आणि खणकन वाजलं. दुपारचा सव्वा वाजला होता. घरात दुसरा आवाज नव्हता. टेबलाखाली बसलेल्या मुंगीने दचकून वर पाहिलं, ओठ उघडले, आणि पुन्हा मिटले.

मुंगी म्हणजे माझी लेक, साडेतीन वर्षांची. कान उत्तम, समज उत्तम. बोलत मात्र नव्हती. एक शब्द नाही. 'आई'सुद्धा नाही. वाचाउपचाराच्या बाई म्हणायच्या, "घाई करू नका, आत साठतंय तिच्या." मी मान डोलवायचे आणि घरी येऊन, नळ सोडून, बाथरूममध्ये रडून घ्यायचे.

एक ते तीन हे माझे चोरलेले तास. नवरा कामावर, मुंगी आपली आपली टेबलाखाली, आणि मी टेबलावर तळहाताएवढा बोर्ड मांडून बसलेली. त्या बोर्डवर मजकूर कुलूपबंद करणारी एक चिप होती. कर्नलला, म्हणजे संगणकाच्या सगळ्या कारभाराच्या गाभ्याला, तिच्याशी बोलता यावं म्हणून लागणारा ड्रायव्हर हा प्रोग्रॅम मी लिहीत होते. कर्नल परक्या चिपवर एकदम विश्वास टाकत नाही. आधी तिची परीक्षा घेतो. ज्यांची उत्तरं ठाऊक आहेत असेच प्रश्न विचारतो. प्रश्न म्हणजे मजकुराचा तुकडा, उत्तर म्हणजे तोच तुकडा कुलूपबंद होऊन आलेला. मी तिला एका दमात हजार प्रश्न घालत होते. हजारही उत्तरं बिनचूक येत होती.

फक्त, येत होती एक हजार एक.

कर्नलच्या या भागाची राखण करणारे एक वयस्कर गृहस्थ आहेत, आम्ही सगळे त्यांना मास्तर म्हणतो. त्यांच्या होकाराशिवाय कोडची एक ओळ आत जात नाही. त्यांना फोन लावला.

"न विचारता उत्तर?" मास्तर हसले. "आमच्याकडे सकाळपासून तेच चालू असतं, तुझ्या काकू सोडतात कुठे! अगं, मेमरीत जुनं काहीतरी उरलं असेल. पुसून घे."

"पुसलंय मास्तर. दोनदा."

"मग तिसऱ्यांदा पूस. चिपला काय भुतं लागतात?"

तिसऱ्यांदा पुसलं. ऑफिसात नेऊन तोच बोर्ड, तोच कोड चालवला, तर हजाराला हजार. घरी आणला की एक जास्त. उत्तर आलं म्हणजे प्रश्नही कुणीतरी घातलेला, आणि नोंदीत त्या जास्तीच्या प्रश्नाचा पत्ता दिसायचा, मेमरीतल्या कुठल्या जागेवरून तो आला ते सांगणारा. ती जागा मी कुणालाच दिलेली नव्हती.

मग एक गोष्ट लक्षात आली. ती मात्र मी मास्तरांना सांगितली नाही.

चिप काम करते तेव्हा बोर्डवरचा हिरवा दिवा लुकलुकतो. हजार प्रश्न संपले की तो विझायचा. आणि थोड्या वेळाने, एकदाच, पुन्हा लागायचा. बुधवारी तो लागला तशी मी टेबलाखाली वाकून पाहिलं. मुंगी गुडघ्यांना मिठी मारून बसली होती. समोरच्या रिकाम्या फरशीकडे बघत होती. आवाज नव्हता, पण ओठ हलत होते.

बोर्डला कान नसतात. माइक नव्हता, हवेतलं काही पकडेल असं काहीच नव्हतं. एकच तार, तीही माझ्याच संगणकाला. हे मी स्वतःला मोठ्याने बजावलं.

ते जास्तीचं उत्तर कुलूपबंद असल्याने नुसता गोंधळ दिसायचं. चाचणीची किल्ली माझ्याकडेच होती, पण ते उघडून पाहायचं इतके दिवस सुचलं नव्हतं. कचऱ्याला कोण किल्ली लावतं? ही चिप एका वेळी सोळा बाइट घेते. आपलं अक्षर तीन बाइटचं, वर काना-मात्रा वेगळी. म्हणजे पाच चिन्हं मावतात, आणि एक मोकळी जागा.

मी किल्ली लावली.

'आई मला'

काना धरून पाच चिन्हं, मध्ये एक जागा. सोळाच्या सोळा. वाक्य पुरं व्हायला जागाच उरली नव्हती.

त्या संध्याकाळी भाजी करपली. नवऱ्याने विचारलं, "कुठे आहेस?" मी म्हटलं, "इथेच तर आहे."

गुरुवारी पुन्हा हजार प्रश्न. दिवा विझला. मी किल्ली तयार ठेवली. दिवा लागला.

'जवळ घे'

पुन्हा सोळा. दोन्ही तुकडे मी कागदावर एकाखाली एक लिहिले आणि वाचत राहिले. साडेतीन वर्षं जे ऐकायला जीव टाकला होता, ते हेच होतं. कुठून का येईना! इतकं साधं मागणं होतं पोरीचं, आणि मी रोज तिच्या डोक्यावर बसून भलत्यालाच प्रश्न विचारत होते.

"ये गं माझ्या राणी," म्हणत तिला टेबलाखालून ओढून घेतलं आणि खुर्चीवर मांडीत घेऊन बसले. घट्ट. तिच्या केसांना उन्हाचा वास येत होता. ती माझ्या मानेत तोंड खुपसून शांत झाली.

चाचणी केव्हाच संपली होती.

दिवा लागला.

मुंगीचे ओठ माझ्या गळ्याला टेकलेले होते. मिटलेले. हलले असते तर मला कळलं असतं.

दिवा विझला. पुन्हा लागला. पुन्हा.

मुंगीने मान वळवली. खाली, टेबलाखाली, बराच वेळ पाहत राहिली. मग तिने माझी हनुवटी दोन्ही हातांनी धरून आपल्याकडे वळवली आणि, मी आजवर कधीही न ऐकलेल्या स्वच्छ आवाजात, विचारलं,

"आई, तिला नाही घेणार?"