मुंग्यांचं चॅनल

सिरियल ऐन रंगात आली आणि टीव्हीवर मुंग्या आल्या. बेबीनंदा चिडून अंगणात गेली, तर केबलवाला राधाकिसन समोरच्या खांबाला शिडी लावून उभा!

"आमचा चालू सीन गेला," ती म्हणाली.

"काय चालू होतं? सांगा की... जोडून राह्यलो तवर."

तिने सांगितलं. सगळं जाफराबाद त्या सिरियलपायी वेडं झालं होतं. त्यातल्या पोराला ऑटिझम आहे असं डॉक्टर म्हणाले होते. तो कुणाशी बोलायचा नाही, पण कुठलीही तारीख विचारा, वार सांगायचा आणि सगळे टाळ्या वाजवायचे. ती रंगून सांगत होती आणि राधाकिसन वायर विसरून तिच्याकडेच बघत राहिला.

मग चित्र बघायला तो आत आला. माजघराची कडी लावायची ती आज विसरली होती. तिचा मोठा भाऊ, चांगला मिशीवाला भुजंग, टीव्हीपुढे बसून मुंग्यांकडे बघत झुलत होता, खुदखुदत होता. राधाकिसनने चित्र आणलं तसा तो कान झाकून ओरडला.

गल्ली त्याला येडा म्हणायची. कुणी आलं की ती त्याला माजघरात ढकलून कडी लावायची. तिचा चेहरा तापला.

"सिरियलमधल्यासारखाच आहे तो," ती घाईने म्हणाली. "तारीख सांगितली की वार सांगतो... आज मूड न्हाई त्याचा."

त्यानंतर राधाकिसन वरचेवर येऊ लागला. कधी वायर, कधी जोड.

"बिघाड सापडला का?" तिने एकदा विचारलं.

"वायर बराबर आहे. मीच बिघडलोय बहुतेक."

ओढणीत तोंड लपवून ती हसली. त्या रात्री तिला झोप लागली नाही. तो हवाच होता तिला.

महिन्याभरात त्याची आई, चतुराबाई, त्याला घेऊन तिला पाहायला आली. पोहे झाले. मग चतुराबाईंनी भुजंगला मोठ्या कौतुकाने जवळ बसवलं, राधाकिसनच्या जन्माची तारीख सांगितली आणि वार विचारला.

भुजंग बंद टीव्हीकडे बघत राहिला. सगळे थांबले. बेबीनंदाने त्याचा दंड हलवला... आणि पदराआडून हळूच चिमटा काढला.

तो किंचाळला. ताटली उडाली. तो भिंतीवर कपाळ आपटू लागला. बेबीनंदाला वाटलं, जमीन फाटावी आणि आपण आत जावं. भावाची लाज तिला रोजच वाटायची. आज पहिल्यांदा स्वतःची वाटली.

"त्याला वार येत न्हाईत," ती म्हणाली. "मी खोटं बोलले. टीव्हीतल्यावाणी असला की लोक टाळ्या वाजवतात... न्हाईतर नुसतं हसतात."

चतुराबाई उठल्या. राधाकिसनने जाता जाता टीव्ही लावला आणि मागची वायर उपसली. मुंग्या आल्या. भुजंग हळूहळू शांत झाला.

पुढे बरेच दिवस कुणी आलं नाही. मग एका दुपारी शिडी टेकल्याचा आवाज आला आणि बेबीनंदाने सवयीने माजघराची कडी लावली.

राधाकिसन दारात उभा होता. "शेवटच्या नंबरावर एक चॅनल मोकळं सोडलंय," तो म्हणाला. "नुसत्या मुंग्या. लोक बोंबलून राह्यलेत, पण मी तिथं काही भरणार न्हाई."

तिला वर बघवेना. "आणि... आई?"

"आई म्हणली, पोरगी खरं बोलली ते बरं केलं. पण चिमटा कामून काढला?"

म्हणजे त्यांनी पाहिलं होतं. तिचे डोळे भरून आले. राधाकिसनने माजघराकडे पाहिलं.

"कडी काढा आधी."

तिने कडी काढली. भुजंग बाहेर आला आणि टीव्हीपुढे बसला. तिने शेवटचा नंबर लावून दिला. तो झुलू लागला, खुदखुदू लागला. ती त्याच्या शेजारी बसली, त्याच्या दंडावर हात ठेवला.

"हा माझा दादा, भुजंग," ती म्हणाली. "ह्याला वार सांगता येत न्हाईत."

"मला बी येत न्हाईत," राधाकिसन म्हणाला. "चालंल का तुम्हाला?"