रविवारचे सात तुकडे

मोबाइल आधी उलटे करून ठेवा. उजेड नको. भुताची गोष्ट अंधारात सांगायची असते म्हणून नव्हे. ही घडलीच अंधारात, आणि का, ते कळेल पुढे. आणि मध्ये मध्ये ‘मग काय झालं’ करायचं नाही. झालं ते मी सांगणारच आहे.

माझा जोडीदार नळवाला तुमच्यापैकी कुणाला आठवत नसेल. मी वायरमन, तो प्लंबर. वीस वर्षं आम्ही एकाच स्कूटरवरून कामं केली. भिंत एकदाच फोडायची, त्याचा पाइप आणि माझी वायर बरोबरच घालायची, अशी आमची पद्धत. माणूस सरळ, कामाला वाघ, पण कॅरमचा बोर्ड दिसला की घरदार विसरायचा. गोष्ट त्याची आहे. त्याने मला ती दोनदाच सांगितली आणि दोन्ही वेळा शब्दही तेच होते.

बाजाराच्या मागच्या गल्लीत घड्याळं दुरुस्त करणारे एक काका राहायचे. त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, एकदा हौसेने दुकानातून बोटाएवढा मासा आणला. कॅटफिश. तोंडाला मिशा. दुकानदार म्हणाला, फार तर तळहाताएवढा होईल. त्या दुकानदाराचा तळहात एकदा बघायला हवा होता. आधी बरणी पुरेना, मग काचेची पेटी पुरेना. शेवटी बाहेरच्या खोलीत विटांची टाकी बांधली, कमरेइतकी उंच, पुढून जाड काच. सोफा गेला, कपाट गेलं, काकांची कॉट स्वयंपाकघराच्या दाराशी आली. पाइप नळवाल्याने घातले, पंपाची वायर मी ओढली.

टाकी भरली त्याच वर्षी काकू गेल्या. मूलबाळ नव्हतं. घरात उरले काका आणि तो मासा. किती मोठा म्हणता? या चटईवर आडवा घातला तर डोकं माझ्याजवळ आणि शेपटी धाकटीच्या मांडीवर. सरकू नकोस, आत्ता नाहीये तो इथे. मिशांमुळे काका त्याला हवालदार म्हणायचे.

एवढा मोठा मासा पाळणं म्हणजे त्याच्या तंत्राने राहणं. अचानक दिवा लागला की तो बिथरायचा आणि सगळ्या वजनानिशी काचेवर डोकं आपटायचा. म्हणून सूर्य मावळला की त्या घरात दिवा नाही. काका अंधारातच वावरायचे. आणि त्याला जेवण आठवड्यातून एकदाच, रविवारी रात्री. जास्त खाल्लं तर मरतो. टाकीशेजारी स्टूल होतं, त्यावर बसून काका काठावर तीन टिचक्या मारायचे आणि थांबायचे. तो वर आला की एकेक तुकडा. मोजून सात. सगळे एकसारखे आणि एकातही काटा नाही. कधीतरी त्याच्या घशात काटा अडकला होता, तेव्हापासून काका घड्याळाच्या चिमट्याने तुकड्यातले काटे वेचून काढायचे. बाजारात लोक हसायचे. म्हणायचे, माशाला मासा भरवताना काटे काढणारा हा जगातला पहिलाच.

मग काकांच्या छातीत पाणी झालं आणि त्यांना दवाखान्यात ठेवलं. किल्ली कुणाला द्यायची? नळवाल्याला. किल्ली एकच होती. तो म्हणाला, काका, निर्धास्त राहा, मी घालीन खायला. काकांनी त्याचा हात धरून ठेवला.

“तो आहे म्हणून मी घरी जातो रे,” ते म्हणाले. “नाहीतर त्या घरात जायचं कुणाकडे?”

काकांच्या शर्टाच्या खिशात तो घड्याळाचा चिमटा होता. नळवाल्याने चेष्टा केली, इथे काय नर्सबाईंचं घड्याळ दुरुस्त करणार का म्हणून. काका म्हणाले, हाताला सवय आहे, असू दे जवळ.

पहिले दोन रविवार त्याने इमानाने केले. काटे नखांनी काढायचा, कंटाळायचा, पण काढायचा. तिसरा रविवार आला. मार्चमधला तिसरा. त्या संध्याकाळी कॅरमची फायनल होती आणि आमचा हा पठ्ठ्या फायनलमध्ये. सव्वाआठला फोन वाजला. नर्सने लावून दिलेला. पलीकडे काका, आवाज अगदी बारीक.

“आज रविवार ना?”

“हो काका.”

“जेवला का हवालदार?”

आता ‘जातोय, जातोय’ म्हणायला काय जात होतं त्याचं? पण मागे स्ट्रायकर वाजत होता, माणसं हाका मारत होती. तो म्हणाला, जेवला की. सातही तुकडे.

“काटे काढलेस?”

“काढले.”

मग पलीकडून नुसता श्वास.

“बरं,” काका म्हणाले. “असू दे. मी बघतो.”

याने फोन स्कूटरच्या डिकीत टाकला आणि खेळायला बसला. जिंकलाही. चषक हातात घेतला तेव्हा तो श्वास आठवला आणि जिंकल्याची चव गेली. मरणाच्या दारातल्या माणसाशी आपण खोटं बोललो. ते खरं करायचं असेल तर आजची रात्र संपायच्या आत करायला हवं, एवढंच त्याच्या डोक्यात.

साडेअकराला पाच कमी असताना त्याने कुलूप उघडलं. कुलूप नीट लागलेलं होतं, हे तो दोन्ही वेळा सांगायला विसरला नाही. आत काळोख. खिडकीतून गल्लीतल्या दिव्याचा थोडा पिवळा उजेड. पंपाची घरघर. आणि… नळ गळत होता.

स्वयंपाकघरातला नळ. टप. टप. त्याचा वॉशर यानेच बदललेला. काकांच्या बोटांत जोर नसायचा, त्यामुळे त्यांनी बंद केलेला नळ नेहमी थोडा राहायचा. पण काका घरात नाहीत, तीन आठवडे झाले. याने नळ पिळून बंद केला. म्हणाला, आपणच ठेवला असेल गेल्या वेळी.

बर्फाच्या कप्प्यात दोन मासे असायला हवे होते. हाताला एकच लागला. तो म्हणाला, मोजण्यात चुकलो असेन.

घाईघाईत त्याने नळाखाली माशाचा बर्फ सोडवला, नळ पुन्हा पिळला आणि अंदाजाने पाच मोठे तुकडे केले. काटे काढले नाहीत. टाकीशी उभं राहून तीन टिचक्या मारल्या.

हवालदार आला नाही.

तो तळाशी पडून होता. जेवण झाल्यावर पडतो तसा, जड. पण याला वाटलं, उपाशी आहे, अंगात त्राण नाही. त्याने काठीच्या टोकाने तुकडे थेट तोंडापाशी नेले. या माशांची खोडच असते, पोट भरलेलं असलं तरी तोंड उघडतात. पाचही गेले.

मग पाणी हललं.

एकदा. पुन्हा. मासा वळला, जबडा पसरला… आणि सगळं ओकून टाकलं.

ओकलेलं तसंच राहिलं तर रात्रीत पाणी नासतं. याने जाळी घेतली, चाचपडत एकेक तुकडा काढला, ताटात टाकला. ताट जड झालं. पाच तुकड्यांच्या मानाने फार जड. तो बाहेर गेला, डिकीतून फोन आणला, टाकीकडे पाठ केली आणि ताटावर बॅटरी धरली.

पाच ओबडधोबड. ते त्याचे.

बाकीचे सात.

एकसारखे. पट्टी लावून कापल्यासारखे. अजून पांढरे. त्याने एक उचलून दाबला. दुसरा दाबला. सातही दाबून पाहिले.

काटा नव्हता.

तेव्हा त्याचं लक्ष फोनकडे गेलं. सहा कॉल येऊन गेले होते. दवाखान्याचे. पहिला नऊ वाजून दहा मिनिटांचा.

त्याने फोन लावला. नर्स म्हणाली, काका गेले. नऊ वाजून पाच मिनिटांनी. त्रास झाला नाही. शेवटी चपला मागत होते, घरी काम राहिलंय म्हणत होते. त्यांना सांगितलं, उद्या जा. मग शांत झाले…

“सामान न्यायला या,” ती म्हणाली. “चष्मा, शर्ट, चपला. त्यांच्या हातात एक चिमटा होता, काही केल्या सोडत नव्हते. तेवढा सापडत नाहीये. गादीसुद्धा उलटून पाहिली.”

याने फोन ठेवला. तसाच जमिनीवर बसला, काचेला पाठ लावून. मला म्हणाला, भीती नंतर वाटली. आधी रडू आलं. एवढा आजारी माणूस, एवढ्या लांबून, एकटा. आणि मी चार गल्ल्या सोडून कॅरम खेळत होतो.

पंपाची घरघर.

आणि आत, स्वयंपाकघरात… टप. टप.

तो नळ त्याने पिळून बंद केला होता. त्याच्या हाताने. प्लंबरच्या.

तो उठला नाही. मान वळवून काचेतून पाहिलं. हवालदार तळ सोडून वर आला होता. नळवाल्याकडे बघत नव्हता. याच्या डोक्यावरून, टाकीच्या काठाकडे तोंड करून, मिशा पाण्याबाहेर काढून थांबला होता. स्टुलाच्या बाजूला.

“काका?”

टप. टप.

“काका, चुकलो मी.”

नळ थांबला.

बऱ्याच वेळाने त्याने बॅटरी हळूच, अगदी खालून, स्टुलाकडे नेली. स्टूल रिकामं होतं. त्याच्यावर चिमटा होता. ओला. आणि टोकात, नीट धरलेला, एक बारीक काटा.